सव्वामूठ

धुळे-जळगाव पट्ट्यात माझ्या आवाजावर पुष्कळ लग्नं लागलीत. त्यातलं एकही माझं नाही.

पोटासाठी मी नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट सांभाळतो. पण तो काही मी नव्हे. खरा मी रविवारी सुरू होतो, माईक हातात आल्यावर. साखरपुडा, हळद, लग्न, निवृत्तीचा सत्कार, कुणाच्या नव्या दुकानाचं उद्घाटन, जिथे माईक तिथे मी. रुसलेल्या व्याह्याला मी दोन वाक्यांत हसवतो. वरात कितीही उशिरा येवो, मंडपातला माणूस जागचा हलू देत नाही. कुणाला आबा म्हणायचं, कुणाला नाना, कुणाचं स्वागत आधी नि कुणाचं नंतर, सगळं तोंडपाठ. आई म्हणते, "तुन्हं तोंड शे का लग्नाना भोंगा?"

भोंगाच आहे. अडचण एवढीच, की भोंग्यातून हळू बोलता येत नाही.

ती मला भेटली आमच्या कारखान्यातल्या रक्तदान शिबिरात. जळगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रक्त घ्यायचं काम करायची. माझ्या दंडाला पट्टा बांधून म्हणाली, "मूठ आवळा." मी म्हटलं, "मॅडम, बंद मुठीत काय आहे ते कळल्यावर उघडायला सांगाल ना?" विनोद काही फार थोर नव्हता. पण ती हसली. सुई टोचून झाल्यावरही हसत राहिली. त्या एका हसण्याच्या आधारावर मी पुढची दोन-अडीच वर्षं काढली.

आमच्यात तशी काहीच अडचण नव्हती. प्रेमकथेत निदान एक आडमुठा बाप तरी लागतो. आमच्याकडे तोही नव्हता. जातपात जुळत होती, घरांच्या चालीरीती एकच. तिचे वडील मवाळ, माझी आई तर कुणीतरी सून येऊ दे म्हणून टेकीला आलेली. मध्ये होतं ते फक्त माझं तोंड.

ती कमी बोलायची. आणि जे बोलायची त्याला उत्तर हवं असायचं, हाच तिचा दोष. रिपोर्टात कसं, आहे किंवा नाही. मी तिसराच काहीतरी रकाना काढायचो. ती फोनवर म्हणायची, "घरी स्थळं यायला लागलीत." मी म्हणायचो, "किती आली? अकरा झाली की सांग, मॅच लावू." ती म्हणायची, "बाबांना काय सांगू?" मी तिच्या बाबांचा आवाज काढून स्वतःलाच नकार देऊन दाखवायचो. तो आवाज मला फार छान जमायचा. पलीकडे शांतता पसरली की मला वाटायचं, हसू दाबतेय.

मग ती दिवसचे दिवस गप्प बसायची. तिचं गप्प बसणं म्हणजे काय, हे ओळखायचं काम माझं. आणि ओळखता आलं नाही, तर ते कशाबद्दल होतं हे ती शेवटपर्यंत सांगायची नाही. एकदा फक्त एवढं म्हणाली, "तू माणूस नाहीस, लाऊडस्पीकर आहेस. बटण बंद केलं की आत रिकामा डबा." मी ते वाक्य पुढच्याच रविवारी एका हळदीत वापरलं. टाळ्या पडल्या.

तिची मागणी एकच होती, आणि ती तिने पहिल्या वर्षीच सांगून ठेवली होती. "घरी ये. बाबांसमोर बस. एक सरळ वाक्य बोल. विनोद न करता. मग आयुष्यभर कर."

मी म्हटलं, "रिहर्सलला वेळ दे."

त्या श्रावणात ती मला डबा घेऊन आली.

डब्याचं सांगण्याआधी कानबाईचं सांगायला हवं, कारण खानदेशाबाहेरच्या माणसाला त्यात काय एवढं असं वाटेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. तिचा जो रोट, म्हणजे नैवेद्याचा सगळा स्वयंपाक, करायचा, त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वामूठ गहू घ्यायचे. आजोबांची सव्वामूठ, बापाची सव्वामूठ, काल जन्मलेल्या पोराचीही सव्वामूठ. ते दळायचे, त्याच पिठाचं सगळं रांधायचं, आणि ते फक्त त्या घराने खायचं. बाहेरच्याला कण द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा त्या दिवशी बाहेरची. उरलंसुरलं पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचं. आमच्याकडे तर जेवून हात धुतलेलं पाणीही रस्त्यावर जाऊ देत नाहीत, अंगणात खड्डा करून त्यात जिरवतात. मुलगा नापास झाला, गाडी घसरली, म्हैस आटली, काहीही झालं की घरातली म्हातारी पहिला प्रश्न विचारते, रोट बाहेर गेला होता का?

कानबाईचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती जळगावहून पॅसेंजरने नरडाण्याला आली. मी जेवणाच्या सुट्टीत स्टेशनावर गेलो. बाकावर बसून तिने डबा उघडला. खीर, पुऱ्या, लाल भोपळ्याची भाजी. तेच सगळं आदल्या दिवशी मी माझ्या घरी खाल्लं होतं. बघताक्षणी कळलं. कळलं नाही असं म्हणायची सोय नाही.

तिने डबा माझ्यापुढे सरकवला आणि बघत राहिली.

इतकं मोठं काही कुणी मला कधी दिलं नव्हतं, आणि ते घ्यायचं कसं हे मला ठाऊक नव्हतं. समोर पाचशे माणसं असती तर सुचलं असतं. समोर एकच होती. मी चमचाभर खीर तोंडात घातली.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

"खीर आहे ती," ती म्हणाली.

मी सगळा डबा चाटूनपुसून संपवला. नळाखाली धुवायला निघालो तर तिने हातातून काढून घेतला. तसाच खरकटा, झाकण लावून पिशवीत टाकला. "पाणी इथे सांडायचं नाही," एवढंच म्हणाली, आणि परतीच्या गाडीची वाट बघत रुळांकडे तोंड करून बसली.

हिवाळ्यात जळगावला एक साखरपुडा होता. ऐन रंगात आला असताना मुलीकडच्यांची अंगठी सापडेना. बायका पर्सा उपसायला लागल्या, मुलाची आई तोंड वाकडं करायला लागली. अशा वेळी मंडप सांभाळायचा तो मीच. हाताशी होते ते सगळे किस्से संपले. अंगठीचा पत्ता नाही. तेव्हा माझ्या तोंडातून डबा निघाला.

"आमच्या पाहण्यात एक पोरगी आहे," मी म्हटलं. "प्रेमात इतकी येडी, इतकी येडी, की कानबाईचा रोट डब्यात भरून, रेल्वेचं तिकीट काढून त्याला खाऊ घालायला गेली!"

मंडपात एकदम 'हाय हाय' उठलं. खानदेशातल्या बाईला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. एक म्हातारी ओरडली, "माय वं, पाप लागी तिले!"

"आणि तो पठ्ठ्या काय म्हणाला माहितीये? म्हणे, खिरीत मीठ कमी आहे!"

लोक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी राहिले. मी पुढे तिच्या चेहऱ्याची नक्कल केली. डबा छातीशी धरून गाडीची वाट बघत बसलेली, तशीच्या तशी. अंगठी मिळाली तरी लोक म्हणाले, थांबा, आधी हे होऊ द्या. मी नाव घेतलं नव्हतं. तेव्हाही घेतलं नाही, आताही घेत नाही. तेव्हा तो मला माझा मोठेपणा वाटला होता.

कार्यक्रम संपल्यावर एक तरुण आला, पाठीवर थाप मारून म्हणाला, "भाऊ, पोट दुखलं हसून हसून. तुमचा नंबर द्या, आमच्या घरीही कार्य निघणारच आहे." मी नंबर दिला. तो तिचा भाऊ होता. मी त्याचा फोटोही कधी पाहिला नव्हता, कारण ती दाखवायला लागली की मी म्हणायचो, साल्याचं तोंड लग्नातच बघू.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "सोनगीर फाट्यावर ये. मी धुळ्याच्या बसने येतेय."

फाट्यावरच्या चहाच्या टपरीत आम्ही बसलो. हायवेवरून ट्रक जात होते आणि दर ट्रकला ती थांबत होती, त्यामुळे तिचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी आलं.

"भावाने काल जेवताना सांगितला किस्सा. तुझ्यासारखा आवाज काढून." ट्रक. "बाबा हसले. आई हसली. भाऊ म्हणाला, कोण येडी असेल ती." ट्रक. "मीपण हसले. मला हसावं लागलं. ठसका लागला तर आईने पाठीवरून हात फिरवला."

"नाव नव्हतं घेतलं मी," मी म्हटलं.

"आता घे. चल माझ्यासोबत. आत्ता. घरी सगळे आहेत. बाबांना सांग, ती येडी हीच, आणि तो मी. मला हिच्याशी लग्न करायचंय. झालं. तीन वाक्यं. रोट बाहेर गेला नाही, घरातच राहिला, असं मी सांगेन पुढचं."

खरं तर मला उठायचंच होतं. पायात चपला सरकवल्याही होत्या. पण समोर एक मुद्दा दिसला, आणि मुद्दा दिसल्यावर मला गप्प बसवत नाही.

"घरातच कसा राहील?" मी म्हटलं. "जावईसुद्धा बाहेरचाच की. लग्न झालेल्या लेकीलाच चालत नाही, तर जावयाला कुठून चालणार? नियम तू मोडलासच, काही केलं तरी."

ती मग खाली बघून, टेबलावर सांडलेल्या चहात बोट फिरवत म्हणाली, "नाही मोडला. त्या दिवशी गहू मी घेतले होते. आजीचा हात दुखत होता म्हणून. बाबांची सव्वामूठ घेतली, काकांची घेतली, भावाची घेतली. मग तुझ्या नावाची घेतली. कुणाला कळलं नाही. तुझं नाव घेऊन घेतली, मनात. तुझा वाटा होता तो. म्हणून आणला."

इतकं सलग ती माझ्याशी त्याआधी बोलली नव्हती. इथे कुठल्याही माणसाने काय केलं असतं ते मला कळतं. हात धरला असता. डोळ्यांत पाणी आणलं असतं. निदान चहाचे पैसे देऊन बस थांबवली असती.

माझ्या डोक्यात मात्र हिशेब लागला. सव्वामूठ घरच्या पुरुषांची. आजोबा, बाप, काका, भाऊ. तिच्या बापाच्या घरात माझ्या नावाची मूठ, म्हणजे मी त्या घरचा लेक.

"अगं," मी म्हटलं, "मग मी तुझा भाऊच झालो की!"

आणि हसलो. टपरीवाला पण हसला.

माझा आजवरचा सगळ्यात अचूक विनोद तो. त्यात एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही. ती उठली, धुळ्याकडे जाणाऱ्या बसची वाट न बघता उलट्या दिशेच्या रिक्षात बसली नि निघून गेली. रिक्षा कुठे जातेय हेही तिने विचारलं नाही.

नंतर मी फोन केले. प्रत्येक माफीत एक विनोद निघायचा, नि तिथे फोन कटायचा. शेवटी पूर्ण तयारी करून जळगाव गाठलं. धुळ्यापासून अख्ख्या प्रवासात ते एक वाक्य घोकत होतो. शेजारचा प्रवासी म्हणाला, "परीक्षा शे का, भाऊ?"

लॅबमध्ये नंबर लागलेले. तिने मला पाहिलं आणि चेहरा न हलवता म्हणाली, "उपाशी आहात का?"

"आहे."

"बसा."

मी खरंच बसलो. तिने दंडाला पट्टा बांधला. "मूठ आवळा." मागे रांगेत लोक, कुणाचं पोर रडतंय. ती शीर शोधत खाली वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "बोलायचं असेल तर आत्ता बोल. मी ऐकतेय."

वाक्य तोंडात तयार होतं. वर तिचा चेहरा, खाली सुई.

"निदान सुई तरी सरळ टोच," मी म्हणालो.

रांगेतला एक काका खो खो हसला. तिने सुई टोचली. दोन नळ्या भरून रक्त घेतलं, कापूस दाबायला दिला आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "पुढचे कोण?"

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन चांगलं, साखर चांगली. खाली तिने स्वतः लिहिलेली एकच ओळ होती: "सगळं नॉर्मल. तुला काहीही झालेलं नाही."

पुढच्या श्रावणात कानबाई बसली, उठली, आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत राखी. चांगली होती, मोत्यांची. चिठ्ठी वगैरे काही नाही, नुसत्या कुंकवाच्या पुडीत चार अक्षता. स्टोअरमधल्या पोरांनी कौतुक केलं. "भाऊ, तुम्हाला तर बहीणच नव्हती ना?" त्यांनीच माझ्या मनगटावर बांधली. मी दिवसभर नट-बोल्ट देत हिंडलो, प्रत्येक जण विचारायचा, कोणी पाठवली? मला एकदाही गमतीदार उत्तर सुचलं नाही.

मग तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त निघाले, आणि तिच्या भावाचा फोन आला. "भाऊ, ओळखलं का? ताईचं लग्न आहे. ताईला म्हटलं, माईकवर कुणाला बोलवू? ती म्हणाली, त्या डब्याच्या किश्शावाल्यालाच बोलव. त्यांच्यासारखं कुणाला बोलता येत नाही."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. सरळ कारण सांगणं हा माझा प्रांत नव्हे. मी गेलो.

जळगावबाहेरच्या लॉनवर लग्न होतं. मी नेहमीसारखाच बोललो, थोडं जास्तच चांगलं. तिच्या मावश्यांना हसवलं, व्याह्यांना मान दिला. नवरदेव शांत माणूस दिसला. बँडच्या आवाजात ती काही बोलली की तो मान वाकवून कान तिच्या तोंडाजवळ न्यायचा, आणि ऐकून झाल्याशिवाय उत्तर द्यायचा नाही. सोपी गोष्ट होती. मी उभ्या उभ्या शिकलो, आता काय उपयोग.

मंगलाष्टकं झाली आणि कानपिळी आली. वधूचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम देतो, नि नवरदेव त्याला टॉवेल-टोपी देऊन सोडवून घेतो. हा माझ्या हुकमी हशाचा प्रसंग. "भाऊसाहेब, हात गरम करून घ्या!" मी म्हटलं. तिच्या भावाने कान पिळला, टोपी घेतली, लोक हसले. मी पुढच्या विधीकडे वळणार, तर ती भावाच्या कानात काहीतरी बोलली. त्याचे डोळे मोठे झाले. त्याने येऊन माझ्या हातून माईक घेतला.

"मंडळी, आम्हालाच माहीत नव्हतं! ताई म्हणतेय, हे आपले माईकवाले भाऊ तिचे मानलेले भाऊ आहेत. राखी पाठवते ती त्यांना! म्हणते, कान पिळायचा मान त्यांचाही आहे!"

टाळ्या. शिट्ट्या. कुणीतरी मला पाठीमागून ढकललं. नवरदेव भला माणूस, त्याने आपणहून मान पुढे केली. कान मऊ होता, हळदीने पिवळा. तिच्या भावाने माईक माझ्या तोंडापुढे धरला. "दम द्या, भाऊ! काहीतरी खास!"

ती समोर दोन हातांवर उभी होती. शालू, बाशिंग, मेंदीचे हात. शीर सापडल्यावर बघायची, तशी बघत होती.

मला काहीही सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर डोकं कोरं. आणि त्या कोऱ्या डोक्यातून वाक्य निघालं, सरळ, एकही फाटा न फुटलेलं.

"ही बोलत असेल तेव्हा गप्प बसून ऐका. मध्ये एक शब्द बोलू नका. मी बोललो, नि माझं सगळं गेलं."

मग कुठून तरी एक बाई फिसकन हसली, तिच्यामागे दुसरी, आणि सगळं लॉन हसायला लागलं. तिचे वडील डोळे पुसत हसत होते. नवरदेव हसला. भाऊ तर माझ्या गळ्यातच पडला. "हा माणूस ना! रडवेला चेहरा करून सांगतो!" माझ्या त्या सगळ्या वर्षांतला तो सगळ्यात मोठा हशा.

ती हसली नाही. तिने मान हलवली, एवढीशीच, रिपोर्टवर सही करताना हलवतात तशी. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "ताई, इकडे, कॅमेऱ्यात बघा, हसा," आणि ती तिकडे वळून छान हसली.

मला टॉवेल-टोपी मिळाली. ती टोपी घालूनच मी पुढचे सगळे आहेर पुकारले.

शेवटच्या पंगतीला तिच्या भावाने मला हाताला धरून बसवलं. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी. बट्टीवर तुपाची धार धरत तो म्हणाला, "लाजू नका, भाऊ. पोटभर जेवा. आता घरचंच समजा."